म्हातारीच्या बाजूने चौघं

खांबाला खांब हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणाला आठवत नाही. उंची हे एक कारण, आणि एकदा एका जागी उभा राहिला की गडी हलत नाही, हे दुसरं. एका पार्सल कंपनीत तो प्रोग्रामर होता. पावती छापण्यापासून पार्सल कुठवर पोचलं ते सांगण्यापर्यंतची सगळी व्यवस्था त्याने एकट्याने, एका जुन्या फ्रेमवर्कवर उभी केली होती. फ्रेमवर्क म्हणजे वेबसाइटचा आयता सांगाडा; भिंती, दारं, नळ आधीच बसवलेले, आपण फक्त सामान घेऊन राहायला जायचं. हा सांगाडा इतका जुना होता की त्याचे भक्तच त्याला लाडाने म्हातारी म्हणत.

भक्त चार. महिन्यातून एकदा ते एका शिकवणीच्या रिकाम्या वर्गात जमत आणि म्हातारीचा प्रचार करत. प्रचार कुणापुढे, तर एकमेकांपुढे. एक स्वतः खांब, एक बँकेत कॉम्प्युटर सांभाळणारा, एक निवृत्त प्राध्यापक आणि चौथा खांबाचा मेहुणा. मेहुण्याला प्रोग्रामिंगचा गंधही नव्हता. "जा रे यांच्याबरोबर, तिथे माणसं कमी पडतात," म्हणून बहिणीने त्याला पिटाळलं होतं, आणि चहाबरोबर बिस्किटं मिळतात म्हटल्यावर तो टिकला. दर वेळी हे चौघं वर्गभर खुर्च्या मांडत, आणि सभा संपली की त्याच रिकाम्या खुर्च्या परत रचून ठेवत.

अडचण एवढीच होती की म्हातारी कधी आजारी पडत नसे. नव्या फ्रेमवर्कच्या फोरमवर, म्हणजे अडचणी विचारायच्या इंटरनेटवरच्या चावडीवर, डोकावावं तर नुसती झुंबड. हे चालत नाही, ते तुटलं, कालपर्यंत होतं ते आज कुठे गेलं. म्हातारीच्या फोरमवर मात्र शुकशुकाट. ज्याचं काही बिघडतच नाही तो विचारायला कशाला येईल? खांबाला याचा केवढा अभिमान. "आज काय झालं ऑफिसात?" असं बायकोने विचारलं की तो छाती फुगवून "काही नाही" म्हणायचा.

मग कंपनीत नव्या मॅडम आल्या. त्यांनी सगळ्या कारभारावर नजर फिरवली आणि खांबाला बोलावून घेतलं.

"तुमचं हे फ्रेमवर्क मेलंय का हो?"

"चांगलं चालतंय की, मॅडम."

"मग फोरमवर वर्षभरात एकही प्रश्न कसा नाही? जिवंत माणसं काहीतरी विचारतात. महिनाअखेरीला बसू आपण. हीच परिस्थिती असेल तर सगळं नव्याने लिहून काढायचं."

खांबाच्या पायाखालची जमीन सरकली. ती व्यवस्था म्हणजे त्याची उभी हयात होती. मुलीने पहिलं पाऊल टाकलं तेव्हा हा बाबा ऑफिसात पावतीचा समास सरळ करत बसला होता. ते सगळं आता पुसून टाकणार म्हणजे काय?

त्याने तातडीची सभा बोलावली. बँकवाला थंडपणे म्हणाला, "प्रश्न नाहीत, एवढंच ना? मग आपण विचारू."

आणि चौघं खोटी नावं घेऊन तुटून पडले. जन्मभर पोरांना प्रश्न विचारून कावलेल्या प्राध्यापकाला इथे निदान उत्तरं तरी मिळत होती. तो रोज नव्या नावाने नवं संकट आणायचा. बँकवाल्याच्या अडचणी इतक्या हुबेहूब असत की खांबाला खरोखरच काळजी वाटे. मेहुण्याने तर कमालच केली. "माझी वेबसाइट उघडते, पण मला आवडत नाही. काय करावं?" त्यालाही खांबाने मायेने, लांबलचक उत्तर दिलं. फोरम गजबजला. खांबाच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

महिनाअखेरीला मॅडमच्या टेबलावर कागदांचा जाड गठ्ठा होता. शेजारी टेस्टिंगवाली बसली होती. ऑफिसात खांबाच्या बाजूलाच तिचं टेबल, आणि लोकांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधणं हेच तिचं काम.

"बरं झालं मी पुन्हा पाहिलं," मॅडम म्हणाल्या. "पावती दोनदा छापली जाते, गिऱ्हाइकांची नावं गायब होतात, एका बिचाऱ्याची तर सगळी माहितीच उडाली. इतकं बिघडतं हे?"

आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला, हे खांबाच्या तेव्हा लक्षात आलं. गप्प बसावं तर म्हातारीची बदनामी, बोलावं तर स्वतःची. त्याने म्हातारीची बाजू घेतली.

"काही बिघडत नाही, मॅडम. हे प्रश्न आम्हीच विचारलेत."

"आणि उत्तरं?"

"उत्तरं खरी आहेत."

टेस्टिंगवालीने तोंडावर रुमाल धरला. मॅडम हसल्या नाहीत.

"एकूण आहात तरी किती जण?"

"चार." मग मेहुणा आठवून तो म्हणाला, "साडेतीन."

"आणि या ऑफिसात? तुमच्याशिवाय हे कुणाला येतं?"

इथे मात्र घोडं पेंड खात होतं. टेस्टिंगवालीने दोनदा त्याला म्हटलं होतं, मलाही दाखवा की हे. दोन्ही वेळा तो म्हणाला होता, "कशाला? चालतंय ना." साऱ्या जगाला या, या म्हणून बोलावणारा हा माणूस शेजारच्या टेबलापर्यंत कधी पोचलाच नव्हता. खोटे प्रश्न पकडले गेल्याची त्याला फारशी लाज वाटली नाही, पण याची वाटली. "कुणालाच नाही," तो म्हणाला.

एकाच माणसावर सगळं टांगून चालणार नाही म्हणून नव्याने लिहायचं ठरलं, आणि ते काम टेस्टिंगवालीकडे गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती खुर्ची ओढत त्याच्या टेबलाशी आली.

"आता शिकवा."

"आता काय उपयोग?"

"पाडायचं तर काय कशावर उभं आहे ते कळायला नको?"

आदल्या संध्याकाळीच बँकवाल्याने फोनवर सल्ला दिला होता. अर्धवट सांग, बाईचं गाडं अडेल, मग येतील नाक घासत तुझ्याकडेच. सल्ला वाईट नव्हता, आणि रात्री खांबाला तो पटलाही होता.

तेवढ्यात तिने स्क्रीनवर बोट ठेवलं. "इतक्या शाखांत एकदम पावत्या फाडतात, मग दोन पार्सलांना एकच नंबर कधीच कसा पडत नाही?"

हे त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मेहुण्याने नाही, प्राध्यापकाने खोट्या नावानेसुद्धा नाही. त्याला इतका आनंद झाला की बँकवाला डोक्यातून पार निघून गेला. त्याने कोरा कागद ओढला, चौकोन काढले, बाण काढले, कुठे ठेच लागली होती आणि ती कशी चुकवली ते सांगितलं. वर म्हणाला, "नवं लिहाल तेव्हा हे याहून सोपं करता येईल, बघा."

"आणि हे इथलं?" तिने विचारलं.

तो तेही सांगू लागला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत पावत्यांचा सगळा भाग तिला नीट समजला, म्हणजे तेवढा आता पाडायला मोकळा झाला. खांब जाऊन पाणी पिऊन आला, स्वतःची खुर्ची तिच्याजवळ सरकवली आणि पुढच्या भागाला लागला.