पाहुणीचं मत

प्राथमिक शाळेतल्या बाईला शिकवणं सोडून बाकी सगळी कामं असतात, असं मी चेष्टेनं म्हणते. पण ते फार खोटं नाही. त्यातलंच एक मतदार यादीचं. कोडोलीच्या अलीकडचं आमचं गाव. तिथं घरोघर जायचं आणि कोण वारलं, कोण लग्न होऊन आलं, कुणाला अठरा पूर्ण झाली, ते लिहून घ्यायचं. सुरुवातीला कपाळाला आठ्या घालून जायचे. मग गोडी लागली, कारण दारात उभं राहून माणसं जे बोलून जातात ते शाळेत बसून कधी कळलं नसतं.

एका घरात घरधनी, त्याची बायको, मुलगा आणि म्हातारी आई, एवढ्यांची नावं यादीत होती. पण मला चहा आणून द्यायची ती यांतली कुणीच नव्हे. चाळिशीची, पदर खोचलेली, हाताला ओल्या वैरणीचा वास. एकदा मी सहज विचारलं, "आणि ह्यांचं नाव?"

"ती पावणी हाय, बाई," घरधनी म्हणाला.

ही त्याची बहीण. मलकापूरकडं दिलेली. नवऱ्यानं दुसरी आणल्यावर माघारी आली, त्यालाही दहा-अकरा वर्षं होऊन गेलेली. पहाटे उठून शेण काढणारी, धारा काढणारी, डेअरीला दूध घालणारी ही पाहुणी! आमच्याकडे लग्न झालेली लेक माहेरी कितीही राहिली तरी पाहुणीच. मीसुद्धा माहेरी पाहुणीच असते आणि दोन दिवस लाड करून घेते. पण त्या दिवशी माझं डोकं फिरलं. सासरच्या यादीतून तिचं नाव कधीच कमी केलेलं होतं. म्हणजे सरकारदरबारी ही बाई कुठल्याच गावात राहत नव्हती.

आमचे जुने हेडमास्तर सांगायचे, देशातल्या पहिल्या निवडणुकीची यादी करायला माणसं गेली तर बायका नाव सांगेनात. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच. अशा कितीतरी जणींची नावं शेवटी गाळावी लागली. पुढच्या वेळी मात्र पुन्हा गावोगाव माणसं फिरली, समजूत घातली आणि नावं मिळवली. मला ही गोष्ट फार आवडते. कुणीतरी कंटाळा न करता दुसऱ्यांदा कडी वाजवली होती.

म्हणून मीही दुसऱ्यांदा गेले, भाऊ रानात गेलेला बघून. ती गोठ्यात होती. "तुझं नाव घालूया," म्हटल्यावर तिनं हातातली शेणाची पाटी खाली ठेवली.

"बाई, हितं नाव लागलं म्हंजे कायमचंच आल्यागत झालं. उद्या वाटणी मागंल, असं वैनीच्या मनात येणार. मत मिळायचं आणि घर जायचं."

कायदा मला पाठ होता, पण कायदा काही तिला संध्याकाळी भाकरी वाढणार नव्हता. "मग राहू दे का?" मी विचारलं. तिनं म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला.

"न्हाय," ती म्हणाली. "आता न्हाय म्हटलं, तर मेल्यावर तरी गाव म्हणंल का, हितली हुती म्हणून? घाला."

पत्त्याच्या पुराव्याला भाऊ कागद देईना. लाइट बिल त्याच्या नावाचं, रेशनकार्डावर ही नाही आणि आधारवर पत्ता सासरचा. "नसती उठाठेव करू नका," असं मलाच सुनावलं त्यानं. आता एकच वाट उरली होती. आजूबाजूच्या लोकांनी सह्या करून सांगितलं, की ही इथंच राहते, तर मी तसा अहवाल देऊ शकत होते. पण शेजारी सगळे मूग गिळून बसले. "भावाभैनीचं हाय बाई, आमी कशाला मधी पडू?"

मग मी संध्याकाळी डेअरीतच गेले. दूध घालायला बायकांची रांग लागलेली, तीही किटली घेऊन उभी. वर्गात विचारते तशा आवाजात मी विचारलं, "ही बाई कुठं राहते? ठाऊक असेल तिनं सांगावं." बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. दुधाची फॅट बघणाराही थांबला. तिनं मान खाली घातली. मला वाटलं, केलं आपण हिचं वाटोळं.

तेवढ्यात मागून शिलाईकाम करणाऱ्या भाभी बोलल्या. त्यांच्या सासऱ्यांच्या वडिलांपासून त्यांचं घर हिच्याच गल्लीत आहे.

"काय इचारताय बाई? माझ्या भिंतीला भिंत हाय. पाटंचं हिची बादली वाजल्याबिगर मला जाग येत न्हाय. हितं न्हाय तर कुठं राहती?"

"आमच्या सुनंच्या बाळंतपणात हीच राबली की," दुसरी म्हणाली. मग जिला तिला काहीतरी आठवायला लागलं. सहीला भाभी पुढं झाल्या, त्यांच्यामागं बाकीच्या आल्या. मी नुसती पेन देत उभी राहिले.

नाव लागलं. भाऊ तिच्याशी बोलायचा बंद झाला. डेअरीच्या वाटेवर भेटली की मी धास्तावून विचारायचे, आणि ती सांगायची, "बोलत न्हाय. पण मी जेवाय बसल्याबिगर ताटावरनं उठतबी न्हाय." त्यावर मी माझ्या मनाची समजूत घालायचे.

पुढं ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. आमच्या भागात ग्रामपंचायत लागली की जेवणं गोड लागत नाहीत, एकेका मतासाठी माणसं उंबरे झिजवतात. मतदार चिठ्ठ्या वाटत मी त्या घरी पोचले, तर पुढच्या सोप्यात एका पॅनेलची माणसं बसलेली. भाऊ खुर्चीत बसून घरच्या वतीनं बोलत होता. उमेदवार म्हणाला, "दादा, तुमचं ऐकलं. आक्का कुठं हायत? त्यांच्यासंगट बोलायचं हाय."

भावानं मान वळवून आत बघितलं. मग त्यानं हाक मारली. ती पदराला हात पुसत दाराआड येऊन उभी राहिली. भाऊ उठला आणि आपली खुर्ची त्यानं तिच्याकडं सरकवली.

"हितं बस," तो म्हणाला. "तुझ्याकडं आल्यात."

किती महिन्यांनी तो तिच्याशी बोलत होता. माझे डोळे भरून आले, लपवत नाही. ती मात्र रडली नाही. खुर्चीत नीट टेकून बसली, समोरच्यानं जोडलेले हात बघितले आणि म्हणाली, "आमच्या गल्लीतलं गटार फुटलंय. दोन पावसाळं झालं. कवा करताय, ते आधी सांगा."