माकडशेंगूळीची भाजी

मागच्या उन्हाळ्यात आईने जेवण सोडलं. खुब्याचं हाड मोडून ती देवपूरला आमच्या घरी अंथरुणाला खिळली होती. पोटात अन्न गेलं तर उठतील, नाहीतर अवघड आहे, असं डॉक्टर सांगून गेले. मी शिरा केला, खिचडी केली, विनवण्या केल्या, शेवटी चिडून ताट आपटलं. आई तोंड मिटून भिंतीकडे बघत राहिली. आपल्या डोळ्यांदेखत ही जाणार, या धास्तीने मला झोप येईना.

मग एका सकाळी ती आपणहून बोलली, "माले माकडशेंगूळीनी भाजी खावानी शे."

तिने काहीतरी मागितलं होतं. मी चहाही न घेता गाडी काढली.

एरंडोलकडच्या आमच्या गावामागची टेकडी मुरमासाठी निम्मी पोखरलेली. माकडशेंगूळी म्हणजे बिनपानांचे, बोटाएवढे रसाळ चौकोनी दांडे. बाकी सगळं करपलं तरी काटेरी झुडपांच्या बुडाशी ती हिरवी असते. पूर्वी हवी तेवढी मिळायची. आता मी या वयात गुडघ्यांवर रांगत एकेक झुडूप उचकत होतो आणि देवाला वाट्टेल ते कबूल करत होतो. दुपार कलल्यावर ओंजळभर मिळाली.

आई करायची तशीच केली. चिंचेच्या पाल्यात उकळून कडू पाणी फेकलं, लसूण-मिरचीची फोडणी दिली, वरून बेसन पेरलं. लहानपणी ही भाजी फक्त तिच्याच ताटात असायची. आम्ही हात पुढे केला की म्हणायची, "कडू शे, तुम्ही भाकर खा." आम्हाला वाटायचं, हिला भारीच आवडते.

तिने वाटी संपवली. बायको पदराने डोळे पुसत होती. मी घाईघाईने दुधात भाकरी कुस्करली आणि घास पुढे केला.

आईने माझा हात हळूच बाजूला सारला. "आते नको. हाई खादी का भूक मरी जास. दुष्काळमा मी हाईच खाऊ, तुम्हले भाकर पुरे." मग माझ्या बायकोकडे बघून म्हणाली, "इतला दिन पोट मांगे, सहन व्हये नई. आते तुनी बायकोले मनी घाण काढनी पडाव नई."

मी तिचे पाय धरले. "माय, एक घास खाय वं," म्हणत राहिलो. पोटभर जेवल्यासारखी ती शांत झोपून गेली होती.