बोलणारी आणि बसणारी

आमच्या संस्थेत एक नियम आहे. कुणालाही सरकारी कचेरीत एकटं जाऊ द्यायचं नाही. सोबत दोघींनी जायचं, एक बोलणारी आणि एक बसणारी. बोलणारीने दुभाषाचं काम करायचं. बसणारीने फक्त शेजारच्या खुर्चीवर बसायचं, वाटलं तर हात धरायचा, पाण्याची बाटली पुढे करायची, पण तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. सोबतची दोन माणसं बोलायला लागली की ज्याचं काम असतं तोच गप्प होतो, असं आमच्या सेन्सेईंचं म्हणणं.

सेन्सेई म्हणजे संस्था चालवणाऱ्या बाई. जन्म लिमाचा, आजोबा जपानी. तरुणपणी जपानात कारखान्यात कामाला आल्या आणि इथल्याच झाल्या. आम्ही राहतो त्याच ओजिमाच्या वसाहतीत, तळमजल्यावरच्या एका खोलीत, दर शनिवारी त्यांच्याकडे पेरू, बोलिव्हिया, ब्राझीलची कुटुंबं येतात. कुणाला शाळेतून आलेली सूचना समजून घ्यायची असते, कुणाला कुठला कचरा कधी टाकायचा ते, आणि कुणाला काहीच नको असतं, फक्त स्वतःच्या भाषेत तासभर बोलायचं असतं. मी तिथे मुलांना गणित शिकवते. नवरा कंपनीच्या कॉलवर, मुलगा शाळेत. घरी बसून भिंतींशी भांडण्यापेक्षा हे बरं.

माझी जीभ लहानपणापासून माझ्या ताब्यात नाही. सेन्सेईंना हे पहिल्याच महिन्यात कळलं, आणि तेव्हापासून त्या मला दर वेळी बसणारी करतात. मला वळण लावण्यासाठीच करत असाव्यात, असा माझा दाट संशय आहे.

त्या वसंतात सासूबाई पुण्याहून तीन महिन्यांच्या व्हिसावर आल्या होत्या. "घरात एकटी बसून काय गाड्या मोजू?" म्हणत त्या शनिवारी माझ्यामागे निघायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी पेरूची एक तरुण आई हेरली. तिच्या कडेवर आठेक महिन्यांची मुलगी, मनगटाला लाल दोऱ्यात ओवलेले मणी, कानात गव्हाएवढे सोन्यातले खडे.

"अगं बघ, हिचे कान टोचलेत!" सासूबाई अख्ख्या खोलीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यांदा म्हणाल्या. "आणि दृष्टीची मनगटीपण आहे. नाहीतर इथल्या मुली, सगळ्या भुंड्या कानांच्या."

तेव्हापासून दोघींचं जमलं. सासूबाई मराठीत बोलायच्या, ती स्पॅनिशमध्ये. एकमेकींचं अक्षरही कळत नव्हतं आणि कधी काही अडलंही नाही. तिचा नवरा दूर ऐचीला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात होता, महिन्यातून एखादा रविवार यायचा. ती मुलीला पाळणाघरात ठेवून डबे भरायच्या कामावर जायची. शनिवारी मात्र मुलगी सासूबाईंच्या मांडीवर असायची. मला थोडा रागच यायचा. माझ्या मुलाला त्यांनी जवळ ओढलं की तो "यादा!" म्हणून सुटका करून घ्यायचा. "नको म्हणतो का गं?" त्या विचारायच्या आणि मी "खेळायला जातोय" म्हणून वेळ मारून न्यायची.

सासूबाईंच्या पिशवीत एक स्टीलची डबी कायम असायची, खोबरेल तेलात कालवलेल्या हळदीची. कापलं, भाजलं, खरचटलं, सगळ्यावर तोच एक इलाज. मी त्यांना किती वेळा सांगितलं, आई, इथे असलं कुणाला लावू नका. "तुला नाही लावत," त्या म्हणायच्या.

मंगळवारी सकाळी सेन्सेईंचा फोन आला. आदल्या दिवशी पाळणाघरातल्या बाईंना त्या मुलीचा एक कान सुजलेला दिसला होता आणि भोकाभोवती काहीतरी पिवळं. इथे तान्ह्या मुलींचे कान कुणी टोचत नाही. त्यांच्या लेखी ती जखम, आणि जखम दिसली की कळवायचं हा त्यांचा नियम. त्यांनी नियमाप्रमाणे वॉर्डाच्या बालकल्याण कचेरीत कळवलं. संध्याकाळी मुलगी घरी दिली, पण आज आईला बोलावलं होतं. दुपारी चार वाजता पाळणाघर मुलगी तिच्या हातात देणार, की कचेरीची माणसं तिला काही दिवसांसाठी स्वतःकडे नेऊन ठेवणार, ते आज ठरायचं होतं.

"तू बसणारी," सेन्सेई म्हणाल्या. "आज तर मुळीच बोलायचं नाही."

मी चपला घालते आहे तोवर सासूबाई पिशवी काखोटीला मारून तयार. प्रकरण कानाचं आहे एवढंच मी सांगितलं. कचेरीत त्यांना खाली दाराजवळच्या बाकावर बसवून सेन्सेई, मुलीची आई आणि मी अशा तिघी वर गेलो.

खोली लहान होती. समोर एक अधिकारी बाई आणि एक आरोग्यसेविका, दोघी अगदी मऊ बोलणाऱ्या. ओरडणाऱ्या माणसावर ओरडता येतं, इथे तीही सोय नव्हती.

कान कुणी टोचले? सेन्सेईंनी स्पॅनिशमध्ये विचारलं, तिने सांगितलं. गुन्माला राहणाऱ्या आत्याने; आत्या पेरूत नर्स होती, आमच्याकडे सगळ्या मुलींचे टोचतात. अधिकारी बाईंनी मान हलवली. सूज कशाने आली? खडा पांघरुणात अडकून ओढला गेला. डॉक्टरांना का नाही दाखवलं? सुट्टी मागितली होती, गुरुवारची मिळाली आहे. इथपर्यंत ठीक चाललं होतं. मी तिचा हात धरून बसले होते आणि तो हळूहळू गरम होत होता.

मग अधिकारी बाईंनी टॅब्लेटवर पाळणाघराने काढलेला फोटो पुढे केला. इवलासा कान, लाल पाळी आणि तिच्याभोवती पिवळा लेप, कडेला वाळलेला.

"हे काय आहे?"

मला एका क्षणात कळलं. तो पिवळा रंग माझ्या स्वयंपाकघरातल्या फडक्यावर आहे, मुलाच्या गणवेशावर आहे, बेसिनच्या कडेला आहे. घासून घासून माझे हात दुखलेत त्या रंगापायी. आता ती सांगेल आणि सुटेल, असं मला वाटलं.

"माहीत नाही," ती म्हणाली.

"कुणी लावलं?"

"माहीत नाही."

सेन्सेईंनी तेच प्रश्न पुन्हा, वेगळ्या शब्दांत विचारले. ती टेबलाकडे बघत राहिली. माहीत नाही. अधिकारी बाईंचा आवाज आणखी मऊ झाला. घरी तुमच्याशिवाय कोण असतं? कुणी नाही. मग मुलीच्या कानाला हात कुणी लावला? माहीत नाही. आरोग्यसेविकेने अधिकारी बाईंकडे पाहिलं, आणि ती नजर मला मुळीच आवडली नाही. आईला माहीत नसलेलं कुणीतरी या मुलीला हात लावतंय, किंवा आई कुणाला तरी पाठीशी घालतेय; दोन्हीचा निकाल एकच होता. मी सेन्सेईंकडे पाहिलं. त्यांनी डोळ्यांनीच मला दटावलं.

भिंतीवरच्या घड्याळात दुपार व्हायला आली होती. अधिकारी बाई म्हणाल्या, "हे स्पष्ट होईपर्यंत मुलीला आमच्याकडे..."

"ते माझ्या सासूबाईंनी लावलंय," मी म्हणाले.

शेजारून तिने माझं मनगट असं आवळलं की बांगडी रुतली. ती जोरजोरात मान हलवत होती. "नाही, नाही," ती जपानीत म्हणाली, "हिला काही माहीत नाही." सेन्सेईंनी डोळे मिटून घेतले. मला तिचा भयंकर राग आला. मी तुला सोडवतेय आणि तू मलाच खोटं पाडतेस? समोरच्या दोघी एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होत्या, आणि दोघींपैकी कुणावरही त्यांचा विश्वास बसलेला दिसत नव्हता.

"त्या खाली बसल्या आहेत," मी म्हणाले. "मी घेऊन येते."

मी जिना उतरून खाली आले. सासूबाई बाकावर पाय पोटाशी घेऊन बसल्या होत्या.

"आई, तुम्ही तिच्या कानाला हळद लावलीत?"

"काल सकाळी वसाहतीच्या फाटकात भेटली ना ती, पाळणाघरात जाताना. कान केवढा सुजला होता. लावली." माझ्या चेहऱ्याकडे बघून त्या उठल्या. "काय झालं गं? पोरीला काही झालं का?"

वर येऊन त्यांनी दोघींना नमस्कार केला आणि मी काही बोलायच्या आत डबी काढून टेबलावर ठेवली. झाकण उघडलं, बोटाने थोडी हळद घेतली आणि स्वतःच्या कानाच्या पाळीला चोळली, जिथे त्यांची कुडी आहे तिथे. मग पदराने पुसली. डाग राहिला. तो कान त्यांनी आरोग्यसेविकेपुढे केला, केस मागे सारून. आरोग्यसेविकेने डबीचा वास घेतला, फोटो पाहिला, पुन्हा कान पाहिला.

"करीमध्ये असते ती?" तिने विचारलं.

"काय म्हणतेय?" सासूबाईंनी विचारलं.

"भाजीत घालतात तीच का, विचारतेय."

"मग दुसरी कुठली असणार?"

आरोग्यसेविका अधिकारी बाईंशी हलक्या आवाजात बोलली. तो वेळ फार लांबला, निदान मला तरी. शेवटी त्यांनी सांगितलं की चार वाजता आरोग्यसेविका पाळणाघरापाशी येईल, मुलगी आईकडे देतील, तिथून सगळ्यांनी मिळून थेट डॉक्टरांकडे जायचं. गुरुवारपर्यंत थांबायचं नाही. खडे तूर्त काढायचे की नाही ते डॉक्टर सांगतील. आणि आजींनी कानाला पुन्हा काही लावायचं नाही.

मी भाषांतर केलं. "बरं," सासूबाई म्हणाल्या आणि डबी पिशवीत टाकली.

बाहेर फुटपाथवर सायकलींच्या रांगेशी आल्यावर माझा बांध फुटला. मी मोडक्यातोडक्या जपानीत तिला फैलावर घेतलं. मुलगी जात होती तुझी! सांगायला काय झालं होतं? एक म्हातारी बाई, थोडी हळद, एवढंच तर होतं!

ती सायकलीला टेकली. तिला आता रडू येत होतं. "त्या व्हिजिटर आहेत ना," ती म्हणाली. "कचेरीत नाव गेलं तर परत पाठवतील, असं वाटलं."

"असं नाही करत कुणी!"

"माझ्या आईला दोनदा व्हिसा नाकारला. तिने माझ्या मुलीला अजून हातात घेतलेलं नाही." तिने डोळे पुसले. "तुमची आई आलीये. ती जायला नको."

सासूबाई माझी बाही ओढत होत्या. "काय म्हणते? काय म्हणते ती?"

मी सांगितलं. शब्दन् शब्द सांगितला, एकही गाळला नाही. सासूबाईंनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि रस्त्याकडे बघत उभ्या राहिल्या. त्यांच्या कानावर अजून पिवळा डाग होता.

चार वाजता पाळणाघराच्या दारात आरोग्यसेविका आधीच येऊन थांबली होती. आतून बाईंनी मुलगी आणून आईच्या हातात दिली. आईने तिला छातीशी धरलं, कान पाहिला, आणि मग आरोग्यसेविकेच्या देखतच सासूबाईंच्या हातात दिली.