हवेतले खड्डे

कुसुम, पुलगाव सोडलं तेव्हा तू माझ्या तळहातावर दही-साखर ठेवलीस. घराच्या किल्ल्या नव्या मालकाकडे गेल्या होत्या. निघताना मागं वळून बघायचं नाही, असं आपली आई म्हणायची, म्हणून मी बघितलं नाही. बघायला हवं होतं. दरवाजाचा रंगसुद्धा आता नीट आठवत नाही.

प्रमोदनं मला जयपूरला आणलं. माझा एकुलता एक मुलगा, लग्न न केलेला, आणि काम असं की शेजारणीला सांगितलं तर ती हसायची. विमानात बसून हवा मोजायची. ऊन तापलं की जमिनीवरची गरम हवा उसळ्या मारत वर जाते. त्या उसळ्या किती जोराच्या, ते बघायचं. त्यांच्या लहान विमानाच्या नाकाला लांब दांडा होता, त्याला हवेचा जोर कळायचा. चौमूंकडच्या शेतांवरून ते अगदी खालून सरळ रेघेत जायचं, परत यायचं, मग जरा वर चढून तीच रेघ. तेही भर दुपारी, हवा सगळ्यात खवळलेली असताना. मी त्याला विचारलं, बाकीची विमानं असली हवा टाळतात, तुम्ही शोधत का जाता?

"आई, धक्का चुकवला तर मोजणार काय?"

मी त्याला रोज पिठलं-भाकरी पोटभर खाऊ घालून पाठवायची. तो ते वर जाऊन ओकायचा, हे पुढं त्याच्याबरोबर उडणाऱ्या मित्राकडून कळलं. घरी आल्यावर मात्र जेवण छान होतं म्हणायचा.

जयपूरच्या सोडाला भागात तळमजल्यावर दोन खोल्या होत्या. मी भाजीवाल्याला भैया म्हणायला शिकले, माझ्या बोलण्यात त्यांचा ‘मतलब’ हा शब्द घुसला. दोन उन्हाळे बरे गेले.

तिसऱ्या उन्हाळ्यात, खालच्या रेघेवर असताना, नोंद घेणारी एक पेटी बंद पडली. रेघ अर्धवट राहिली तर पहिल्यापासून उडावी लागते, आणि दुपार उतरली की तशी हवा मिळत नाही. पेटी चालू करायला प्रमोद पट्टा सोडून उठला. तेवढ्यात धक्का बसला आणि डोकं छताला आपटलं. मान मोडली. पाय गेले, हात अर्धे राहिले. महिन्याभरानं मित्र भेटायला आला. आकडे फार चांगले आले, काकू, म्हणाला. मी त्याला चहा दिला. पुढं विमान दुसरीकडे गेलं, मित्रही गेला.

तू लिहितेस की खोली सारवून ठेवली, वर्ध्याला स्टेशनवर ताटकळलीस, आणि मी मुद्दाम आले नाही. ऐक मग. तिकिटं काढली होती. स्टेशनला जायला भाड्याची गाडी केली, तिच्यात फळी टाकून त्याला निजवलं, मी डोकं धरून बसले. प्रत्येक खड्ड्याला त्याचं अंग आखडून लाकूड व्हायचं. मी ड्रायव्हरला शिव्या दिल्या. तो म्हणाला, "माताजी, सड़क मैंने थोड़ी बनाई है." त्याचंही खरं होतं. सुरुवातीला प्रमोद दात आवळून सांगत होता, हा लहान, हा मोठा. मग बोलायचा थांबला. स्टेशन दिसायला लागलं तेव्हा म्हणाला, "आई, परत चल." आम्ही परत आलो. रेल्वेत रात्रभर ते त्याच्यानं झालं नसतं. आता पुन्हा विचारू नकोस.

तिथं तुझं आहे कोण, असंही विचारतेस. कोणी नाही. ज्या खाटेवरून त्याला उचलावं लागत नाही ती खाट, तेवढंच माझं घर. मी त्याची कूस बदलते. माझी मनगटं कामातून गेलीत. माझ्यानंतर कोण बदलेल, यावर आम्ही दोघंही बोलत नाही.

दुपारी ऊन तापलं की तो खिडकीकडे बघत राहतो. म्हणतो, आता वर चांगली हवा असेल.

मी पडदा ओढते.