पेल्यातली काकवी

मॉरिशसमधल्या एका रमच्या कारखान्यात आम्ही चव घ्यायला बसलो होतो. प्रत्येकासमोर छोटासा पेला आणि एक कोरं कार्ड. कशाचा वास येतो ते त्यावर लिहायचं. कुणी लाकूड लिहिलं, कुणी व्हॅनिला. माझ्या यजमानीणबाई सुनंदाताईंनी पेला नाकाशी नेला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "अगं, ही तर काकवी!"

मी कोल्हापूरची, गुऱ्हाळाच्या वासात वाढलेली. तरी मी कार्डावर व्हॅनिलाच लिहून बसले होते! आणि सुनंदाताईंनी तर अजून महाराष्ट्र पाहिलेलाही नाही. त्यांचे पणजोबा रत्नागिरीहून इथे ऊस तोडायला आले. बरोबर फारसं काही नव्हतं. हा शब्द मात्र होता. आजी उसाचा रस आटवून घावनांवर घालायची, तिला काकवी म्हणायची. आता रस आटवायला कुणाला वेळ आहे? सुनंदाताई तुपात केळी परततात, साखर घालतात, वरून पळीभर रम ओततात. भपकन जाळ उठतो, विझतो आणि तो दाट पाक घावनांवर पडतो. सकाळी मी चार घावन खाल्ले होते.

कार्डं गोळा करणारा माणूस त्यांच्या कार्डापाशी थबकला. त्यावर ठसठशीत देवनागरीत 'काकवी' लिहिलेलं.

"ही कुठली भाषा?" त्याने विचारलं.

मी तोंड उघडणार, तोच सुनंदाताई ताठ बसून म्हणाल्या, "हा ऊस ज्यांनी तोडला, त्यांची."