पाठीमागे धरलेले हात

सुनीतानं कापसातली सरकी दाताखाली धरली आणि तिचा तेलकट वास माझ्यापर्यंत आला. अकोटच्या या जिनिंगमध्ये कापूस पारखायचं माझं काम पुढच्या हंगामापासून तीच करणार आहे.

तीस वर्षांपूर्वी याच आवारात माझ्याआधीचे पारखी वामनराव मला म्हणाले होते, "आजची गाडी तू पाह्य. मी बोलत नाही." आणि हात पाठीमागे घेऊन बाजूला उभे राहिले.

कोरडी सरकी कट्‌कन फुटते, ओली दबते. माझी दबली. पण गाड्यांच्या रांगेतल्या सगळ्यांच्या नजरा माझ्यावर होत्या. मी घाईनं म्हणालो, "कोरडा हाये." म्हातारा निवांत उभा होता. चुकलं असतं तर बोलला असता, असं मी धरून चाललो.

चौथ्या दिवशी त्यांनी माझा हात त्या गाडीतून उतरवलेल्या कापसाच्या ढिगात खुपसला. आत तापल्या कपाळासारखी ऊब होती, कापूस पिवळा पडला होता. मालक ओरडले तेव्हा वामनराव म्हणाले, "नजर माही चुकली." नंतर मला एवढंच, "आता तुह्या हाताले समजलं."

सगळं माहीत असून ते गप्प राहिले, याचा राग मी कितीतरी वर्षं धरला.

"कोरडा हाये, काका," सुनीता म्हणाली.

सरकी दबली होती, कट्‌कन आवाज आलाच नव्हता. मी हात पाठीमागे घेतले. एका हाताची नखं दुसऱ्या तळव्यात रुतली, तेव्हा कळलं, वामनराव त्या दिवशी निवांत उभे नव्हते.