तोमाकोमाईचं अंतराळस्थानक आणि बाबांचं रशियन

नाशिकहून बाबा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे टोकियोतल्या ओजिमाला आले आणि त्यांनी एकच मागणी केली. सोव्हिएत अंतराळस्थानक बघायचं. जपानच्या उत्तरेला होक्काइदो बेटावर, तोमाकोमाई शहरात 'मीर' या सोव्हिएत स्थानकाचा, अंतराळात न गेलेला पण खराखुरा राखीव भाग आहे.

चौऱ्याऐंशी साली आपला माणूस सोव्हिएत यानातून अंतराळस्थानकावर पाहुणा म्हणून गेला, तेव्हा बाबा बावीस वर्षांचे होते. त्या भरात ते रशियन शिकले आणि कारखान्यांतल्या यंत्रांची माहितीपत्रकं भाषांतरित करू लागले. पुढे तो देशच उरला नाही. कामही गेलं. बाबा शिकवण्या घ्यायला लागले आणि घरात त्यांचं रशियन हा चेष्टेचा विषय झाला. हसणाऱ्यांत मीही होते.

"इतक्या लांब भंगार बघायला?" माझा नवरा निखिल म्हणाला. तरी आला.

जाणाऱ्यांसाठी सांगते: टोकियोच्या हानेदा विमानतळाहून विमानाने दीड तास, पुढे रेल्वेने साधारण अर्धा तास, मग स्टेशनपासून पायी. संग्रहालयाला प्रवेश फुकट. गावात शिंपल्यांची करी प्रसिद्ध आहे. बाबा शाकाहारी, त्यामुळे आम्ही कोंबिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातून, ओनिगिरी घेतले, आंबट उमेबोशी फळ भरलेले भाताचे गोळे.

अंतराळस्थानकाच्या आत शिरल्यावर बाबा चष्मा लावून पुढे वाकले. मग बटणांवरची अक्षरं वाचू लागले. "स्व्येत. म्हणजे उजेड. वेंतिल्यातर, पंखा."

तिथल्या वयस्कर मार्गदर्शकांनी मला जपानीत विचारलं, "यांना हे वाचता येतं?" आणि लिहून घ्यायला वही काढली. बाबा वाचून मराठीत सांगायचे, मी जपानीत.

"आम्हा जपान्यांचा पहिला अंतराळवीरही सोव्हिएत यानातूनच गेला," मार्गदर्शक म्हणाले. "पत्रकार होता."

बाबांचा आवाज आता मोकळा झाला होता. तेवढ्यात निखिलने मध्ये मोबाइल धरला.

"बाबा, राहू द्या. ॲप सगळं सांगतं. चला, विमान आहे."

"हो, तेही खरंच," बाबा म्हणाले. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "विमानाला अजून चार तास आहेत. तू जा."

"लोकांसमोर तमाशा नको."

"तमाशा तू केलास. माणूस वाचतोय आणि तू त्याच्या तोंडासमोर फोन धरतोस."

मार्गदर्शकांना मराठीचं अक्षरही कळत नव्हतं. तरी ते वही उघडी धरून उभे राहिले आणि बाबांकडे वाकून म्हणाले, "सेन्सेई, पुढची ओळ?"

'गुरुजी, पुढची ओळ' असं भाषांतर मी करायच्या आतच बाबांनी चष्मा लावला. निखिल स्टेशनवर जाऊन बसला. आम्ही दोन तास वाचत होतो.

परतताना विमानात मी निखिलला सोडून बाबांशेजारी बसले. मला निखिलचा राग आला होताच, स्वतःचाही आला होता. आमच्या लग्नात बाबांची ओळख करून देताना मी "क्लासेस घेतात" एवढंच सांगितलं होतं. रशियन मुद्दाम गाळलं होतं.

घरी आल्यावर त्याने हळूच विचारलं, "बाबांना राग आलाय?"

"राग मला आलाय. त्यांना वाईट वाटलंय. ते त्यांनाच विचार."

तो बाबांच्या खोलीच्या दाराशी गेला, परत फिरला, पुन्हा गेला. मग त्याने दार वाजवलं.